चित्राच्या पाठीमागची चिठ्ठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर अमूर्त चित्रं बघायला येणाऱ्यांना मी चित्र समोरून दाखवते आणि मग भिंतीवरून उतरवून उलटं करून दाखवते. मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. कापड कुठलं, अस्तर कशाचं, कुठल्या थरात काय मिसळलंय, पुढे कशाचा रंग बदलणार आहे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती वाचून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न प्रदर्शनात आले, काही फोनवर, आणि दोन-तीन आमच्या फ्रेमवाल्या काकांचे आहेत. चित्र हातात घेतल्याबरोबर ‘बेन, आमां रेती छे?’ (ताई, यात रेती आहे का?) असं विचारणारे ते पहिले.

ही चित्रं तैलरंगातली आहेत की ऍक्रेलिकमधली?

काही तैलरंगातली आहेत, काही ऍक्रेलिकमधली, आणि बऱ्याच चित्रांत ट्यूबमधला रंग अगदी थोडा आहे. बाकी धुतलेली नदीची वाळू, संगमरवराची भुकटी, गेरू, पिवळी माती, काजळी, मधमाशीचं मेण, चपडा लाख, चांदीचा वर्ख आणि जाळलेलं लाकूड. कापड शक्यतो जाड मांजरपाट. गोणपाट मी सोडून दिलं. त्याची वीण फार देखणी असते, पण ते तागाचं असतं आणि तागात लिग्निन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे तो हवेत आणि उजेडात पिवळा पडतो, ठिसूळ होतो. वरचा थर कितीही चांगला असला तरी खालचं कापडच तुटायला लागलं तर काय उपयोग?

चित्रात काय दाखवलं आहे?

कशाचंही चित्र नाही. चिठ्ठीत सापडेल तेवढंच चित्रात आहे.

बाजारात तयार रंग मिळत असताना हा खटाटोप कशाला?

मी झाड काढलं असतं तर तुम्ही झाड पाहिलं असतं. रंग कसा बसलाय हे नंतर, वाटलं तर पाहिलं असतं. अमूर्त चित्रात झाड नसतं. बघायला जे काही आहे ते त्या पृष्ठभागावरच आहे, म्हणून तो पृष्ठभाग कशाचा आहे ही गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी.

गेरूचंच बघा. ट्यूबमधला तांबूस रंग यंत्रावर इतका बारीक दळलेला असतो की सगळे कण सारखे होतात. तो पसरला की एकसंध, तुळतुळीत दिसतो. तोच गेरू घरी खलात घोटला तर कण लहानमोठे राहतात. काही उजेड परत फेकतात, काही आत घेतात. सकाळी खिडकीच्या उजेडात तो थर नारिंगी दिसतो आणि दिवेलागणीला विटेसारखा. रासायनिकदृष्ट्या दोन्ही लोहाचे ऑक्साइडच आहेत, फरक कणांचा आहे. हा फरक मला हवा असतो आणि तो ट्यूबमध्ये मिळत नाही.

लाकूड जाळण्याची कल्पना तुमची का?

नाही. बडोद्यात बसून ती माझी आहे असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ती वाट चित्रकार जेराम पटेल यांची.

जेराम पटेल यांचा जन्म १९३० साली सोजित्र्यात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि पुढे लंडनमध्ये ते शिकले, आणि नंतर बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. साठच्या दशकात त्यांनी ब्रश बाजूला ठेवून ब्लोटॉर्च हातात घेतला आणि लाकडावर, प्लायवूडवर आगीने काम केलं. १९६३ साली दिल्लीत ‘ग्रुप १८९०’ या कलाकारांच्या गटाचं एकमेव प्रदर्शन झालं. उद्घाटन नेहरूंनी केलं होतं आणि कॅटलॉगसाठी लिहिलं होतं कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी, जे तेव्हा भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. त्या गटात जेराम पटेल होते, आणि जळलेल्या कागदाचे कोलाज करणारे हिम्मत शाहही होते. जेराम पटेल २०१६ मध्ये गेले.

त्यांच्या जळक्या फळ्यांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून सुटलेली नाही. तिथला काळा रंग लावलेला नाही. तो लाकडाचाच आहे, लाकूड जिथे संपत आलं तिथला. चित्रकार एरवी पृष्ठभागावर भर घालत जातो, इथे आगीने आत शिरून पृष्ठभाग खाल्ला आहे. आणि आग मनमानी करत नाही. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात बसवलेले असतात, त्यामुळे एक थर जळून गेला की खाली वेगळ्याच दिशेचे तंतू उघडे पडतात. अखंड फळीत मऊ रेषा आधी जळते आणि टणक रेषा उंचवट्यासारखी मागे राहते. म्हणजे झाड ज्या क्रमाने वाढलं तो क्रम आग उघडा करते. हे हाताने कोरून जमणार नाही.

माझी पद्धत त्यांच्यापेक्षा खूप लहान प्रमाणावरची आहे. मी प्लायवूड जाळत नाही, कारण त्याच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं आणि तो धूर छातीत बसतो. साधी, बिनपॉलिशची फळी घेते. जुनी रंगवलेली फळी कधीच नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं. काम गच्चीवर, शेजारी पाण्याची बादली आणि ओली पोती. जाळून झालं की सुटलेला कोळसा तारेच्या ब्रशने काढते आणि फळी रात्रभर तशीच ठेवते. दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्याची खात्री करून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात देते. थंड होण्याआधी स्पिरिटला हातही लावायचा नाही. राहिलेला कार्बन उजेडाने फिका पडत नाही. माझ्या सगळ्या काळ्यांत हा सर्वात भरवशाचा.

हे सगळं बडोद्यातच का?

फक्त बडोद्यातच असं नाही, पण इथे ते पटकन रुजलं, त्याला कारणं आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे ललितकला विभाग, म्हणजेच फाइन आर्ट्स, निघाला. चित्रकलेची जबाबदारी आली चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे. बेंद्रे इंदूरचे, तिथले कलाशिक्षक देवळालीकर यांचे विद्यार्थी. आमच्या घरी बाबा बेंद्र्यांचं नाव घ्यायचे तेव्हा इंदूर आणि बडोदा ही एकाच घराची दोन दारं असल्यासारखं बोलायचे. बेंद्र्यांच्या हाताखालच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत शांती दवे होते. त्यांनी मेणात रंग मिसळून, ते तापवून, जाड थरांची अमूर्त चित्रं केली. माझ्या मेणाच्या कामाचं मूळ तिथे आहे.

पण साहित्याचा प्रयोग म्हणजे भर घालत जाणं, एवढाच अर्थ घेऊ नका. चित्रकार नसरीन मोहमेदी १९७२ पासून इथे शिकवत होत्या. त्यांनी उलट केलं. रंग गेला, कॅनव्हास गेला, आणि शेवटी कागद, शिसपेन्सिल, शाई आणि आखणीची अवजारं राहिली. तेवढ्यावर त्यांनी जे केलं त्याच्यासमोर माझी वाळू आणि माझं मेण मला कधीकधी फार बोलघेवडं वाटतं. दर एक-दोन वर्षांनी मी एखादा महिना फक्त पेन्सिल वापरते, ते त्यांच्यामुळे.

आणि एक शिक्षण विद्यापीठाबाहेरचं. बडोद्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर संखेडा आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाकडी झोपाळे आणि खुर्च्या लाखेने रंगवतात. लाकडावर कथिलाचा लेप द्यायचा, तो अकीकाच्या दगडाने घोटून चकचकीत करायचा, आणि वर लाखेचा पारदर्शक पिवळसर थर चढवायचा. खालची कथिलाची चंदेरी चमक वरच्या लाखेतून सोनं होऊन बाहेर येते. सोन्याचा कणही नसतो. दोन थरांनी मिळून तिसरा रंग तयार करायचा हे मी कुठल्याही पुस्तकातून शिकले नाही, संखेड्याच्या एका पडवीत बसून शिकले. घोटायला अजून खंबायतचा अकीकच वापरते.

वाळू गळून पडणार नाही का?

नीट बसवली असेल तर नाही. गळते ती दोन कारणांनी: वाळूत क्षार किंवा माती राहिलेली असते, नाहीतर चिकटवणारं माध्यम कमी पडलेलं असतं. मी वाळू सात-आठ पाण्यांनी धुते. शेवटच्या पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीवर सुकू देते. पांढरं कडं उमटलं तर क्षार शिल्लक आहे, पुन्हा धुवायची. हा क्षार पुढे पावसाळ्यात ओल घेऊन वर येतो आणि थर आतून सैल करतो. जुन्या भिंतींना लोणा लागतो तसाच.

मग ऍक्रेलिक माध्यमाच्या दोन वाट्यांना वाळूची एक वाटी. त्याहून जास्त नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद मी वापरत नाही, तो दमट हवेत मऊ पडतो. एकदम जाड थापायचं नाही, पातळ पातळ थर द्यायचे. आणि जड चित्र कापडावर करायचं नाही, फळीवर करायचं. कापड हलतं, वाळू हलत नाही, आणि भेग पडते ती या भांडणामुळे.

हळद, कुंकू, शेंदूर वापरता का? आपल्या परंपरेतले रंग आहेत ना ते.

हा प्रश्न बहुतेक वेळा मावशी-आत्याच्या वयाच्या बायका विचारतात आणि प्रेमाने विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

हळद उजेडात टिकत नाही. तिचा पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उन्हात मोडतं. हळदीचे डाग पडलेलं फडकं उन्हात घातलं की डाग जातो हे आपल्याला घरी माहीतच असतं. मांडवीच्या बाजारातली चार प्रकारची हळद मी कापडाच्या पट्ट्यांवर लावून, प्रत्येक पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून, गच्चीवर टांगली होती. उघडा भाग काही दिवसांत उतरला. कुंकवाचं तेच. हळदीला चुना किंवा दुसरा क्षार लागला की ती लाल होते, हीच कुंकवाची जुनी पद्धत. पण तो लाल हळदीचाच असतो, म्हणून तितकाच नाजूक. आणि हल्ली बाजारातलं बरंचसं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं.

शेंदराची गोष्ट वेगळी. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. रंग अप्रतिम, पण विषारी. पिवळ्या हरताळात आर्सेनिक आहे, लाल हिंगुळात पारा. जुन्या पोथ्यांतली चित्रं या रंगांनी उजळलेली आहेत आणि त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे, पण माझ्या खोलीत शेजारची मुलं खेळायला येतात. हे तीन पदार्थ माझ्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत. परंपरेतलं मी घेते ते गेरू, पिवळी माती, काजळी, खडू आणि चुना. लेण्यांच्या भिंतींवर शेकडो वर्षं राहिलेले रंग बहुतांशी हेच, म्हणजे माती आणि दगड.

गंजाचं काय? चिठ्ठीत ‘गंज, थांबवलेला’ असं लिहिलंय.

पूर्ण झालेला गंज म्हणजे गेरूचाच भाऊ, तो स्थिर असतो. पण कापडावर लोखंडाचा तुकडा ठेवून गंज उमटवला तर तो तिथेच थांबत नाही. लोह कापसाचे धागे हळूहळू खातं. हिरडा आणि हिराकस यांच्या शाईने जुने कागद अक्षरांच्या जागी जाळीसारखे झालेले तुम्ही पाहिले असतील, तिथेही लोहच असतं. म्हणून मी गंज वेगळा तयार करते, धुते, वाळवते, कुटते आणि मगच रंगासारखा माध्यमात मिसळते. ‘थांबवलेला’ याचा अर्थ एवढाच.

तुमचं एखादं चित्र बिघडलं आहे का?

हो. चिठ्ठी त्यातूनच आली.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका जोडप्याने माझं मोठं पिवळ्या मातीचं चित्र घेतलं. त्यांनी त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला. उजव्या कोपऱ्यातला थर पापडासारखा उठला होता. मी गेले, पाहिलं आणि तिथेच ओळखलं. त्या कोपऱ्यात खाली तैलरंग होता आणि प्रदर्शन तोंडावर आलं म्हणून मी वरून ऍक्रेलिक मारलं होतं. तेलावर पाण्याचं माध्यम धरत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही, जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं, आणि हे काम वरून कोरडं लागल्यावरही महिनोन्महिने चालू असतं. त्या हलत्या थरावर मी न हलणारा थर दिला होता. मला हे माहीत होतं आणि तरी मी केलं.

चित्र परत आणलं, पैसे परत दिले. त्या बाई म्हणाल्या, ‘आम्हाला चित्रच हवं होतं हो.’ ते वाक्य मला अजून झोपू देत नाही कधीकधी. नवं चित्र त्यांना दिलं तेव्हा मागे पहिली चिठ्ठी लावली, आणि तेव्हापासून चिठ्ठीशिवाय एकही चित्र बाहेर गेलेलं नाही. बिघडलेलं चित्र दाराआड उभं आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना मी तो कोपरा दाखवते.

आणखी एक फसलेला प्रयोग सांगायला हवा, कारण तरुण मंडळी तो हमखास करतात: डांबर. त्याचा तपकिरी रंग इतका खोल आणि ऊबदार असतो की मोह होतोच. युरोपातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनाही झाला होता. पण डांबर कधी पूर्ण वाळत नाही. ते खाली सरकत राहतं आणि वरच्या थराला भेगा पडतात, आमच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीच्या पाठीसारख्या. माझ्या तीन फळ्या अशा गेल्या. त्या विकल्या नव्हत्या, एवढं बरं.

मी घेतलेल्या चित्रातला चांदीचा भाग काळा पडत चालला आहे. तक्रार कुठे करू?

आधी चिठ्ठी पाहा. त्या मालिकेच्या प्रत्येक चित्रामागे लिहिलं आहे: ‘चांदीचा वर्ख, उघडा, काळा पडणार.’ हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. त्या चित्रांत मी वर्खावर मुद्दाम लाख दिली नाही. आधी पिवळट, मग तांबूस, मग निळसर झाक येऊन गडद करडा, असा तो प्रवास आहे आणि तो प्रवास म्हणजेच ते चित्र. चिंच किंवा पावडर लावून घासू नका. बदल सांगून होत असेल तर तो चित्राचा भाग, न सांगता झाला तर माझी चूक. चिठ्ठीत लिहिलेलं नसेल आणि रंग बदलला असेल तर मला जरूर कळवा, मी स्वतः येऊन बघेन.

मेणाचं चित्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात वितळणार नाही?

घरातल्या भिंतीवर नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि राळ मिसळली की थोडं अधिक कणखर होतं. बडोद्याचा मे महिना ४२-४४ अंशांचा असला तरी घरात तेवढं तापत नाही. खरी भीती बंद गाडीची. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, काचेमागे ठेवलेलं चित्र मऊ पडू शकतं. म्हणून एप्रिल ते जून मी मेणाची चित्रं पहाटे किंवा रात्रीच पाठवते. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवरही टांगू नका. दोन-तीन वर्षांत मेणावर पांढुरकी साय दिसली तर घाबरू नका, मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जाते.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

चित्र भिंतीला चिकटून नको, मागे बोटभर हवा खेळली पाहिजे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून देते ते त्यासाठीच. बाहेरच्या बाजूने पाऊस झोडपतो त्या भिंतीवर अजिबात नको. लाखेवर ओल बसली तर ती धुरकट पांढरी दिसते, हवा कोरडी झाली की बहुधा निवळते.

पुसायचं कसं?

कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने, वरून खाली. पाणी नाही, कॉलिन नाही, ओलं फडकं नाही.

हात लावून बघू का?

भिंतीवरच्या चित्राला नको, बोटांचं तेल राहतं. पण खोलीवर मी तपासणीच्या पट्ट्यांची एक पेटी ठेवली आहे. तिच्यातलं सगळं हाताळा. न दिसणारी एक आजी दर दिवाळीत नातवाबरोबर येतात आणि पेटीतली प्रत्येक पट्टी बोटांनी बघतात. वाळूतला फरक त्या माझ्याआधी ओळखतात.

साहित्य एवढं साधं, मग किंमत एवढी का?

वाळू स्वस्त आहे, हे खरं. पण कुठलाही नवा पदार्थ चित्रात जाण्याआधी त्याची पट्टी गच्चीवर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढते. दहा पट्ट्यांतल्या सहा-सात बाद होतात. किंमत त्या बाद झालेल्या पट्ट्यांची आणि त्या वर्षाची आहे.

मला स्वतः करून बघायचं आहे. कुठून सुरुवात करू?

एकाच पदार्थापासून. गेरू घ्या. खलात घोटा, आणि तोच गेरू चार माध्यमांत लावा: बाभळीचा डिंक, सरस, ऍक्रेलिक माध्यम आणि जवसाचं तेल. एकच माती चार वेगळे रंग देते. चारही पट्ट्यांवर तारीख घाला आणि निम्म्या झाकून उन्हात टांगा. घोटताना मास्क लावा, भुकटी कुठलीही असो, फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही. तैलरंगाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात भिजवून ठेवा. आग, स्पिरिट आणि मेण तापवणं हे सगळं नंतर, आणि कुणीतरी शेजारी असताना.

मागची चिठ्ठी भिजली किंवा फाटली तर?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दोन घरांतून चित्रं माझ्याकडे परत आली. फळ्या शाबूत होत्या, वाळू जागेवर होती, पण चिठ्ठ्यांवरची शाई पूर्ण फुटली होती. प्रत्येक चिठ्ठीची नक्कल माझ्या वहीत असते, त्यावरून नव्या लिहून दिल्या. चित्राच्या लाकडी चौकटीवर आतल्या बाजूला एक क्रमांक कोरलेला आहे, तो मला कळवा, पुरेल. तेव्हापासून मी चिठ्ठ्या शिसपेन्सिलने लिहिते. ग्रॅफाइट पाण्याने पसरत नाही. जुन्या, शाईच्या चिठ्ठ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी बदलून घ्याव्यात. पैसे लागणार नाहीत.